डहाक्यांची जीप आणि एक बिब्बा

न्यूझीलंडला जाऊन आता वर्ष होत आलं, तरी व्हिडिओ कॉलवर कुणी 'कंटेनर' हा शब्द काढला की अंकुश डहाकेचा हात आपोआप नाकाकडे जातो. मनीषनगरातल्या त्याच्या सोसायटीत ही हकिगत सगळ्यांना पाठ आहे. सांगताना लोक आवाज जरा खाली आणतात, पण वगळत काही नाहीत.

सुरुवात एका निरोप समारंभात झाली. हिंगण्याच्या एका कारखान्यात अंकुश क्वालिटी कंट्रोलचा प्रमुख होता. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि खाली सही ठोकायची. हे काम त्याने एकोणीस वर्षं मन लावून केलं. न्यूझीलंडमध्ये दुधाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला नेमका असाच माणूस हवा होता. त्यांनी नोकरी दिली, बायको-मुलीसकट व्हिसा दिला आणि घरसामानासाठी एक अख्खा कंटेनर देऊ केला. समारंभात हार घालता घालता कुणीतरी विचारलं, "साहेब, एवढ्या मोठ्या डब्यात काय काय घेऊन जाता मग?" अंकुशच्या हातात माइक होता, आणि माइक हातात आला की भल्याभल्यांचं भान सुटतं. तो म्हणाला, "आमची जीप नेतो ना. फोर-बाय-फोर आहे. तिकडच्या डोंगरात आपल्या नागपूरची जीप फिरली पाहिजे."

टाळ्या पडल्या. कँटीनच्या माणसांनीसुद्धा वाजवल्या. तोपर्यंत जीप नेण्याचा विचार अंकुशच्या मनात कधी आला नव्हता. टाळ्या थांबेपर्यंत तो लहानपणापासूनचा झाला.

यात 'आमची' हा शब्द तेवढा तपासून घ्यायला हवा होता. जीप अंकुशच्या वडिलांची, चंपतरावांची. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. कागदावर नाव अंकुशचं लागलं ते केवळ त्या दिवशी चंपतरावांना ताप होता म्हणून. पत्नी सिंधूताई गेल्यापासून चंपतराव मुलाकडे मनीषनगरातच राहत, पण मंगळवार आणि शनिवार हे दोन दिवस त्यांचे ठरलेले. सकाळी सातला जीप काढायची, हिंगण्याच्या पलीकडे तीसेक किलोमीटरवर वावर आहे तिथे जायचं, दिवसभर तूर-कपाशीत हिंडायचं आणि संध्याकाळी परत यायचं. वय शहात्तर. वावराकडचे शेवटचे तीन किलोमीटर पांदण रस्ता, म्हणजे दोन्हीकडे बांध आणि मधे काळी माती. पावसाळ्यात त्या चिखलात मोटारसायकल फसते, कार फसते, एकदा तर स्वतः ग्रामसेवक फसले होते. जीप तेवढी फसत नाही.

जीप गेली तर मामाजी वावरात कसे जाणार, हा प्रश्न घरात एकदा निघाला. अंकुशच्या बायकोने, नंदिनीने, काढला; सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. "वावर ठेक्यानं देऊन टाकू," अंकुश म्हणाला. "बाबांनी आता आराम करायचा." बाबा समोरच बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची जुनी खोड. त्यांनी राहिलेल्या शेंगा फोडल्या, टरफलं पेपरात गुंडाळली आणि उठून गॅलरीत गेले. अंकुशला ते दिसलं. पण टाळ्या पडून गेल्या होत्या.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे केशवराव आयुष्यभर सायकलवर ऑफिसला गेले, पण गाड्यांविषयी त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांनी टायरमधली हवा काढून न्यायला सांगितली, कारण आपली हवा गरम असते, तिकडच्या थंडीत ती आकसते. हॉर्न इथेच ठेवून जा म्हणाले, तिकडे वाजवला तर शेजारी पोलिसात जातात. वरच्या मजल्यावरच्या शोभाताईंचा सल्ला एकच होता आणि तो त्या जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, जिथे भेट होईल तिथे देत. "भाऊ, एवढ्या लोकाईले सांगू नका. गाडी गेल्यावर सांगा." अंकुश हसायचा आणि पुढच्या माणसाला सांगायचा.

पहिली ठेच कागदावर लागली. कागदावर जीप हिरवी होती आणि प्रत्यक्षात पांढरी. गाडीनोंदणीच्या कचेरीतल्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं की हिरव्या गाडीच्या कागदावर पांढरी गाडी देशाबाहेर सोडता येत नाही. घरी येऊन अंकुशने चढ्या आवाजात विचारलं, की कुणाला न विचारता गाडीला रंग कुणी फासला. चंपतराव म्हणाले, "तुह्या लग्नाच्या टायमाले मीच मारला. हिरव्या जीपमंधी नवरदेव मिलिटरीतला वाटला असता." लग्नाचा फोटो भिंतीवरच होता. त्यात पांढऱ्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून फेटा बांधलेला अंकुश उभा होता, आणि मागे चंपतराव, मनगटावर पांढरा डाग घेऊन. अंकुश फोटोकडे न बघता खाली उतरला. जीप पुन्हा हिरवी झाली.

खरा घोळ पुढेच होता. न्यूझीलंडचा नियम असा, की जुन्या गाडीतून मातीचा कण, बी, पान, किडा यातलं काही येता कामा नये. परक्या मातीतून परकी रोगराई येते, म्हणून तिथे पोचल्यावर बी सापडलं तर गाडी परत तरी पाठवतात नाहीतर मोडीत काढतात. तेव्हा कंटेनरमध्ये चढवण्यापूर्वी इथेच एका खाजगी संस्थेकडून तपासणी करून घ्यायची होती. अंकुशला आनंद झाला. तपासणी हा त्याचाच प्रांत. त्याने रविवारी बादली, पाइप आणि दात घासायचे तीन जुने ब्रश घेऊन स्वतः जीप धुतली आणि कंटेनरच्या डेपोत नेऊन फॉर्मवर झोकात सही केली: 'गाडी मी स्वतः तपासली आहे. तीत माती, बी, वनस्पती वा कीटक नाही.'

तपासायला भूमिका नावाच्या एक तरुण मॅडम आल्या. त्यांनी हातमोजे चढवले, गुडघ्यावर बसल्या आणि पाऊण तासात त्रेचाळीस गोष्टी लिहून काढल्या. सीटच्या कापडात कुसळं. दाराच्या पोटात सरकी. गिअरच्या बुडाशी वाळलेलं शेण. शेवटी त्यांनी मागच्या सीटखालचं रबरी मॅट उचललं, आणि तिथे तुरीचं रोप होतं. टपातून गळणाऱ्या पाण्यावर आणि सव्वीस वर्षांच्या धुळीवर ते बोटभर वाढलं होतं, पिवळसर, नाजूक, दोन पानांचं. क्वालिटी कंट्रोलच्या प्रमुखाने ज्या गाडीवर सही केली होती तीत पीक उभं होतं. भूमिका मॅडम हसल्या नाहीत, उलट फार सभ्यपणे म्हणाल्या, "सर, पुन्हा धुवून आणा." त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं असं अंकुशला वाटलं. त्याने रोप उपटून फेकलं. सोबत आलेल्या चंपतरावांनी ते उचलून खिशात ठेवलं.

मग केशवरावांच्या ओळखीने जीप नंदनवनातल्या शालिकरामच्या वॉशिंग सेंटरवर गेली. शालिकरामने ती चार दिवस उघडून ठेवली. सीटा बाहेर, दारं बाहेर, मॅट उन्हात. निघालेला ऐवज त्याने एका घमेल्यात जमा केला होता: अडीच शेर माती, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, विळ्याची मूठ, सिंधूताईंच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे. "साहेब, हे सगळं फेकू का?" त्याने फोनवर विचारलं. अंकुश फेक म्हणाला. संध्याकाळी चंपतराव नंदनवनला बसने जाऊन ते घमेलं घेऊन आले. गॅलरीत एका पत्र्याच्या डब्यात शालिकरामकडची माती आणि तुरीचं रोप अशी व्यवस्था झाली. बांगड्यांचं काय केलं ते कळलं नाही.

दुसऱ्या तपासणीला जीप निघाली त्या सकाळी सोसायटीच्या फाटकात बायका जमल्या. शोभाताईंच्या हातात ताट होतं. आता सातासमुद्रापलीकडे निघालेल्या वस्तूला आपल्याकडे कुणी तसंच कोरडं पाठवत नाही. अंकुश हात आडवे करून बॉनेटसमोर उभा राहिला. "ताई, कुंकू लावा. तांदूळ नको. झेंडू तर अजिबात नको, एकेका फुलात शंभर बिया असतात." शोभाताईंनी मान डोलावली आणि एका बोटाने कुंकू लावलं. पण अक्षतांवाचून ओवाळणं म्हणजे त्यांना औक्षण वाटेना. अंकुश गाडीत बसायला वळला तेवढ्यात त्यांनी चिमूटभर तांदूळ हळूच दुसऱ्या बाजूने टाकले. त्यांचं बघून बाकीच्या सहा जणींनी टाकले.

डेपोत भूमिका मॅडमनी बॉनेटच्या जाळीतून अकरा दाणे काढले आणि पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले. काही कुंकवाने लाल झाले होते. जीप दुसऱ्यांदा माघारी आली.

त्या दुपारी अंकुशने सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश टाकला. मथळा होता 'वैज्ञानिक दृष्टिकोन आणि आपण'. सात मुद्दे होते. तिसऱ्यात 'काही सुशिक्षित भगिनी' असा उल्लेख होता आणि पाचवा असा, की एकविसाव्या शतकात गाडीला नजर लागत नाही, गंज लागतो. केशवरावांनी त्याला सात अंगठे दिले. शोभाताईंनी ग्रुप सोडला. त्यांच्या घरून दर गुरुवारी येणारा पाटोडीचा डबाही थांबला. गुरुवारी नंदिनीने साधं वरण वाढलं आणि एवढंच म्हणाली, "जेवा. वैज्ञानिक आहे."

पण माणसाचं मन विचित्र असतं. तिसरी तपासणी शेवटची होती. ती हुकली तर जहाज निघून जाणार होतं, आणि दहा दिवसांवर विमान. कारखान्यातून रोज फोन येत, "साहेब, जीप निघाली का?" लिफ्टमध्ये शोभाताई भेटल्या तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दोनदा वापस आली. मी काही म्हणत नाही, भाऊ. तुम्ही शिकलेले आहा." अंकुश मोठ्याने हसला. ते हसू तिसऱ्या मजल्यापर्यंत टिकलं. घरात येऊन बसल्यावर त्याने मोजायला सुरुवात केली, की आपण जीपबद्दल एकूण किती जणांना सांगितलं. साठाच्या पुढे गेल्यावर त्याने मोजणं सोडलं.

आईचा औषधांचा जुना डबा कपाटात वरच्या फळीवर होता. त्यात हिरडा, वेखंड आणि तळाशी एकच बिब्बा होता. बिब्बा म्हणजे बदामाएवढं काळं, कडक फळ. सिंधूताई तो तापवून टाचांच्या भेगांना लावत, आणि नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरचीसोबत ओवून दारालाही टांगत. अंकुशने शास्त्रीय विचार केला. लिंबू नासतं. मिरचीत बिया फार. बिब्बा कोरडा, टिकाऊ, वास नाही, किडा लागत नाही. बिब्बा हेही शेवटी एक बीच, असं त्याच्या मनात आलं. पण एका बीला काही बियाणं म्हणत नाहीत, असा निर्णय क्वालिटी कंट्रोलने दिला. घरात कुणी नसताना त्याने दाभणाने बिब्बा टोचला, आईच्याच डब्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवला, आणि शालिकरामकडून पुन्हा धुऊन आलेल्या जीपच्या डॅशबोर्डमागे, हात पुरेल तितक्या आत, बांधून टाकला. आत उकडत होतं. त्याने बोटांनी नाकावरचा घाम पुसला.

बिब्ब्याच्या पोटात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की तिथे उततं, म्हणजे सुजतं, काळंनिळं होतं आणि आग आग होते. विदर्भातल्या कुठल्याही खेड्यातलं पोर हे सांगेल. अंकुशलाही लहानपणी माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं काळवंडली आणि नाकाचा शेंडा लाल झाला, तिसऱ्या दिवशी जांभळा, आणि तपासणीच्या सकाळी तिथे काळी कड असलेला टपोरा फोड होता. नंदिनीला त्याने डास चावला म्हणून सांगितलं, केशवरावांना परदेशी जाण्याआधीच्या लशीचा परिणाम, आणि शोभाताईंना, त्यांनी विचारलं नसताना, दाढीचं नवीन पातं. तिघांची गाठ लिफ्टमध्ये पडली असावी. पण त्याच्याजवळ कुणी विषय काढला नाही, आणि नागपुरात असा विषय कुणी काढत नाही तेव्हा माणसाने सावध व्हायला हवं.

सावध होण्याऐवजी अंकुशने सगळ्यांना डेपोत बोलावलं. तिसऱ्या खेपेला गाडी पास होताना साक्षीदार हवेत असं त्याला वाटलं. दोन गाड्या भरून माणसं आली. शोभाताईही आल्या, ताटाशिवाय. चंपतराव धुतलेलं धोतर नेसून, जीपपासून जरा दूर, एका लोखंडी खांबाला टेकून उभे होते. अंकुशने फॉर्मवर सही केली आणि भूमिका मॅडमनी काम सुरू केलं. कुसळं नाहीत, माती नाही, तांदूळ नाही. माणसं पुढे सरकली. केशवराव कुणाला तरी सांगत होते, की हवा काढायचा सल्ला त्यांचा.

"आता फक्त आतून बघते," भूमिका मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तारेच्या टोकाला बसवलेला एक बारीक कॅमेरा काढला. डॉक्टर पोटात घालतात तसला. त्याचं चित्र टेबलावरच्या स्क्रीनवर दिसायचं. स्क्रीनवर आधी अंधार आला, मग वायरी, मग एक काळा दोरा आणि त्याच्या टोकाला नारळाएवढा दिसणारा बिब्बा, संथपणे हलत.

"हा बिब्बा आहे," मॅडम म्हणाल्या. त्या उमरेडकडच्या होत्या, त्यांना पुस्तक बघावं लागलं नाही. "कोणी बांधला?"

पुढे जे झालं ते आठवून अंकुशला आजही कान गरम झाल्यासारखं वाटतं. त्याने काही ठरवलं नव्हतं. तोंड आपलं आपणच उघडलं आणि बाहेर आलं, "बाबा, काहून केलं हे तुम्ही?"

चंपतरावांनी स्क्रीनकडे बघितलं. मग मुलाकडे बघितलं. फार वेळ नाही, श्वास घ्यायला लागतो तेवढाच. "हो," ते म्हणाले. "म्याच बांधला. म्हातारपनी बुद्धी चालत नाही मानसाची."

मग जे सुरू झालं ते अंकुशला थांबवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने थांबवलंही नाही. कुणी चुकचुकलं. केशवराव पुढे झाले आणि त्यांनी चंपतरावांना, 'वैज्ञानिक दृष्टिकोन आणि आपण' यातला पाचवा मुद्दा तोंडपाठ ऐकवला, बोट नाचवत. चंपतराव मान हलवत राहिले, "बरोबर आहे तुमचं, बरोबर आहे" म्हणत. नंदिनी नवऱ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून अंकुशने जीपच्या टायरची नक्षी तपासली.

भूमिका मॅडमनी दोन कागद पुढे केले. "सर, नियम असा आहे. मालकाने स्वतः लपवलं असेल तर खोटी सही धरतात आणि गाडी बाद होते. दुसऱ्या कोणी मालकाच्या नकळत ठेवलं असेल तर ती वस्तू काढून, त्या माणसाची सही घेऊन मी गाडी पास करू शकते. बाकी गाडी स्वच्छ आहे." पहिल्या कागदावर चंपतरावांनी लिहून द्यायचं होतं की बिब्बा त्यांनी मुलाच्या नकळत लावला. दुसऱ्यावर अंकुशची सही. म्हणजे दोन सह्यांत जीप न्यूझीलंडला निघाली.

चंपतरावांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि टेबलावर वाकून नाव लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर सावकाश असे. एक एक अक्षर काढून ते त्याच्या डोक्यावर रेघ देत. अंकुशला पेन देताना भूमिका मॅडम खाली वाकल्या आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, नाकाला खोबऱ्याचं तेल लावा. बिब्बा उतला की आमची आजी तेच लावायची."

अंकुशने मान वर केली. शोभाताई आपल्या चपलांकडे बघत होत्या. केशवरावांना एकाएकी आकाशात काहीतरी दिसलं होतं. बाकीची माणसं कुणी मोबाईलमध्ये, कुणी कंटेनरवरचे आकडे वाचण्यात गुंतलेली. सगळ्यांना माहीत होतं. लिफ्टपासून माहीत होतं. सगळे मिळून त्याची लाज राखत होते, आणि त्याच्या वाटची नालस्ती एक म्हातारा माणूस उभ्याउभ्या ऐकून घेत होता. त्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात टेबलावर होते. शेतीने काळे झालेले, भेगाळलेले, पण उतल्याची कुठे खूण नाही.

चंपतरावांच्या नावाचं शेवटचं अक्षर राहिलं होतं.

"मॅडम, थांबवा त्यांना," अंकुश म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. "बिब्बा मी बांधला. बाबांना माहीतसुद्धा नव्हतं. सही खोटी माझी आहे."

"आम्हाले दिसूनच राहिलं होतं ना, भाऊ," शोभाताई म्हणाल्या. अगदी मायेने म्हणाल्या, आणि त्यामुळेच अंकुशला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. भूमिका मॅडमनी चंपतरावांच्या अर्धवट सहीवर एक रेघ मारली, अंकुशच्या फॉर्मवर दोन मारल्या आणि बिब्बा एका छोट्या पारदर्शक पिशवीत घालून, वर नंबर लिहून, चंपतरावांकडे परत दिला. गाडीच जात नाही तर तो ठेवून त्या काय करणार. माणसं हळूहळू पांगली. जाताना प्रत्येक जण अंकुशच्या पाठीवर थाप मारून गेला. ती शिव्यांपेक्षा जास्त लागली.

जीपपाशी आल्यावर अंकुश सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेला. मग थबकला आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसला. चंपतरावांनी धोतर सावरलं, चावी फिरवली. मनीषनगरचं वळण आलं तेव्हा त्यांनी गाडी वळवली नाही. तो मंगळवार होता.

हिंगणा मागे पडला. शेवटी अंकुशने विचारलं, "बाबा, तुम्ही काहून घेतलं अंगावर?"

"दोरा पाह्यला ना. तुह्या मायच्या डब्यातला." चंपतराव रस्त्याकडेच बघत होते. "तू पहिलीत असतानी शाळेची पाटी फोडली होती, तवा मास्तरले मायचं नाव सांगतलं होतं. तिनं ऐकून घेतलं. आता ती नाही. मंग माह्याच अंगावर येनार ना."

अंकुशने खिडकीबाहेर तोंड केलं. कपाशी कमरेला आली होती. नाकाची आग होत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं त्याचा दोष नाकाला देता येत होता. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, एकोणीस वर्षं लोकांच्या चुका काढलेला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि ती बिब्ब्याची नव्हती, जीपचीही नव्हती.

"तुम्हाला जीप पाहिजे होती ना?"

"पायजे होती."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही?" चंपतराव म्हणाले. रागावून नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं.

पांदण रस्ता लागला आणि चंपतरावांनी गाडी थांबवली. समोर गुडघाभर काळा चिखल होता. "उतर. चाकाचे खटके फिरव." त्या जुन्या जीपला पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एकेक गोल खटका असतो. तो हाताने फिरवल्याशिवाय पुढची चाकं जोर घेत नाहीत आणि फोर-बाय-फोर ही नुसती सांगायची गोष्ट राहते. अंकुश कारखान्यातले, कोरे पांढरे बूट घालून चिखलात उतरला आणि खाली बसून खटका फिरवू लागला. खटका हलेना. साठ माणसांना या जीपची महती सांगितलेल्या माणसाने हे काम कधी केलंच नव्हतं. दर वेळी बाबाच उतरायचे. चंपतराव स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उलटा फिरवून राहिला. दुसऱ्या बाजूनं."

दुसऱ्या बाजूने तो टक्कन बसला. दोन्ही झाले तेव्हा अंकुशच्या विजारीला, कोपरांना आणि तीन वेळा धुतलेल्या त्या हिरव्या जीपच्या दाराला चिखल लागला होता. तो आत चढणार, तेवढ्यात चंपतरावांनी खिशातून ती पारदर्शक पिशवी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"हा बांध आता. समोरच्या बंपरले. लोकाईले दिसन असा."

अंकुशने पिशवी फोडली. काळा दोरा बंपरला गुंडाळला, ओढून पक्की गाठ मारली आणि उभा राहिला. कपाळावरून घाम ओघळत होता. त्याने पुसायला हात वर नेला.

"अंकुश," आतून चंपतराव म्हणाले. "नाकाले हात लावू नको."